तपकिरीच्या डबीतल्या गुंजा

मामंजी,

पायावर डोकं ठेवते, पण आशीर्वाद मागत नाही. मागायला तोंड उरलेलं नाही.

तुमचा मुलगा लढाईवरून धडधाकट परत आला, त्याला आठ दिवस झाले. काल त्यांची ट्रंक उपसली, तर लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेली तुमची पत्रं निघाली. हे रानात गेले होते. चुलीपाशी बसून मी सगळी वाचली. शेवटच्या पत्रातली एक ओळ वाचली आणि तव्यावरची भाकरी करपून गेली तरी मला कळलं नाही. ती ओळ लगेच लिहवत नाही. आधी माझं सांगते.

तुमचा दम गेलेला नव्हता, मामंजी. त्या दिवशी गोळ्या वर गेल्या त्या माझ्यामुळे. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि तरी मी तुम्हाला तसंच जाऊ दिलं.

आठवतं का, लढाई सुरू झाली आणि पुण्याच्या दुकानात तुमच्या रायफलीची काडतुसं मिळेनाशी झाली. तुम्ही जपून ठेवलेली रिकामी पितळी काडतुसं बाहेर काढलीत आणि म्हणालात, घरीच भरायची. सांगलीच्या पेठेतून सोनाराचा काटा आणलात आणि वजनाला गुंजांच्या लाल बिया घेतल्यात. आळीतल्या बायकांना वाटलं, सुभेदार सुनेला सोन्याचा डाग घडवतायत. मी आपली गालात हसत होते. तुमची बोटं जाड, म्हणून बंदुकीची दारू तोलायचं काम माझ्याकडे आलं.

मी एकदा विचारलं होतं, "आवं मामंजी, चमच्यानं भरलं तर न्हाई का चालायचं? बाकीचे शिकारी तसंच भरत्यात."

"भरू देत. त्यांची एक गोळी डोंगराला आन एक वढ्याला. दारू कमीजास्त झाली की गोळीची धाव बदलती, पोरी. धाव बदलली की गोळी वरखाली."

दोन महिने तुम्ही तेच करत बसलात. एक गुंज कमी, एक गुंज जास्त. ओढ्याच्या दरडीला मातीत कागद लावायचा, पाच गोळ्या झाडायच्या, वहीत लिहायचं, परत मला तोलायला बसवायचं. मी किती कंटाळायची! शेवटी पाचही गोळ्या विड्याच्या एका पानाखाली बसल्या, तेव्हा तुम्ही त्या ठरलेल्या गुंजा तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातल्यात.

"ह्याच गुंजा घ्यायच्या. मोजून दुसऱ्या घेतल्यास तर उपेग न्हाई. एक गुंज दुसरीगत नसती." मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं खूळ.

मग तो बिबट्या आला. वरच्या धनगरवाड्यातली वासरं एकामागून एक गेली. माणसं तुम्हाला बोलवायला आली आणि तुम्ही मला दहा काडतुसं भरायला सांगितलंत. मी सोप्यात काटा मांडून बसले. पाच भरली आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी धावले. परत येते तर आपली तांबडी कोंबडी काट्याच्या पारड्यातल्या चार-पाच गुंजा टिपून मोकळी. काय करावं सुचेना. कुंपणाच्या वेलावरच्या ताज्या गुंजा तोडून आणल्या आणि गुंजांचे नग पुरे केले. नग बरोबर भरले, म्हणून उरलेली पाच भरून टाकली. दहाही एकाच पिशवीत गेली.

डोंगर चढायच्या आधी तुम्ही त्यातली सहा दरडीवर झाडून बघितलीत. तीन जुन्या जागी बसल्या, उरलेल्या तीन मात्र चार बोटं वर. तुम्ही उठलाच नाहीत. रायफलीच्या दस्त्याला गाल लावून किती वेळ पडून होता.

"दम धरवत न्हाई आता. श्वासासंगं नळी वर जाती," म्हणालात. आणि आलेल्या माणसांना हात जोडलेत. "गड्यांनो, जखमी जनावर मागं सोडलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतंल. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." त्यांनी जाळ केले, डबे बडवले, बिबट्या खिंडीपलीकडे निघून गेला. तुम्ही रायफल मेढ्याच्या ठाण्यात जमा करून आलात.

ज्या दिवशी झाडून बघितलं, त्याच संध्याकाळी मी डबीतली एक गुंज एका पारड्यात ठेवली आणि कुंपणावरची दुसऱ्यात. नवीचं पारडं खाली गेलं, म्हणजे नंतरच्या पाच काडतुसांत दारू जास्त पडली होती. डबी घेऊन मी सोप्यात आले. तुम्ही भिंतीला टेकून खोकत होता. मागल्या खेपेला डोंगरावरून आलात तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते, ते मला आठवलं. हे तिकडे परमुलखात, पत्र यायला महिने लागायचे. तुम्हालाही काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी डबी पदराखाली घेतली आणि आत गेले. भ्याले म्हणून नव्हे. तुम्ही घरी राहाल म्हणून.

घरी राहिलात खरे. पण मला काय ठाऊक की रायफलीबरोबर तुम्ही सगळंच जमा करून याल. ओढा ओलांडताना माझा हात मागायला लागलात. वही बंद केलीत. साधी गुरं सोडायची तर विचारायचात, "मला जमंल का गं?" सुभेदार माणूस, आणि सुनेला विचारतोय! दर वेळी सांगावंसं वाटे, आणि जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं. शेवटच्या दुखण्यात तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "ह्यानंच दगा दिला." तेव्हाही माझी जीभ उचलली नाही.

पण तुमच्यावरही माझा राग आहे, मामंजी. तुम्ही सगळं लगेच स्वतःच्या अंगावर का घेतलंत? एकदा तरी विचारायचं होतं, "शेवंता, तोलताना काही गडबड झाली का गं?" तुमच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नसतं. वर्षभर मी मनात हेच घोळवत होते, की तुम्ही विचारलं का नाहीत. काल पत्रात उत्तर मिळालं.

तुम्ही मुलाला लिहिलंत, "रायफल जमा केली. दम गेला माझा. काडतुसात खोट आसंल आसं मनात आणू नगंस, ती शेवंतानं तोलल्याली हायत."

हे आता बांधावरून येताना दिसतायत. त्यांनी पाय धुतले की हे पत्र, ती डबी आणि उरलेली चार काडतुसं त्यांच्या पुढ्यात ठेवीन. काय बोलायचं ते बोलोत. आणि तुमच्या वर्षश्राद्धाला भावकी पंगतीला बसेल, तेव्हा कुणीतरी म्हणणारच, सुभेदारांचा शेवटी दम गेला. तेव्हा वाढता वाढता मी तिथेच थांबेन आणि सगळ्यांदेखत सांगेन, दम शाबूत होता, चुकले ती मी. हा शब्द देते.

तुमची,
शेवंता