झाडायचा झाडू आणि बोलवायचा झाडू यांतील फरकाबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
उपाहारगृह परवाने व देखरेख विभाग,
जिल्हा कार्यालय.

अर्जदार: श्रीमती इर्मट्राउड हेबर्ले, वय ७४, द्राक्षबागायतदार,
पायरी गल्ली, घर क्र. ९, मु. स्टाइगबाख, नेकार नदीकाठ.

विषय: माझ्या दारावरचा झाडू हा झाडू असल्याबाबत, आणि १२ ऑक्टोबरपासून घरची वाइन घरात पाजण्यास केलेली मनाई मागे घेण्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र, दि. २ सप्टेंबर २०१९.

महोदय,

१. संदर्भीय पत्र पोचले. ते मी तीन वेळा वाचले. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या लीझेल क्नॉडले हिला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "इर्मा, हे तुझ्याबद्दल नसेल गं. पाकिटावरचं नाव बघ नीट." नाव माझेच आहे. पत्रात म्हटले आहे की दि. २७ एप्रिल ते ३१ ऑगस्ट असे सलग १२७ दिवस माझ्या दारावर झाडू होता. दारावर झाडू म्हणजे वाइन प्यायला या, अशी आमच्याकडची खूण; बागायतदाराला वर्षातून चारच महिने असा झाडू लावून घरची वाइन पाजता येते. सबब माझे यंदाचे दिवस संपले असून वर सात दिवस झाले आहेत, ते पुढील वर्षातून वजा होतील आणि ऑक्टोबरात मला दार उघडता येणार नाही.

२. या १२७ दिवसांत मी वाइनचा एक थेंबही विकलेला नाही. मी झाडत होते.

३. आमच्याकडे दर शनिवारी प्रत्येक घराने आपल्यापुरता रस्ता झाडायचा असतो. गल्लीच्या सामाईक पायऱ्यांची पाळी आठवड्यागणिक फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी येते, आणि पाटी असताना पायरीवर पान जरी दिसले तरी समोरच्या घराचा पडदा हलतो. ही शिस्त आपल्या कार्यालयाच्या आवारातही पाळली जात असावी, निदान पाळली जावी. झाडून झाले की झाडू खिळ्याला उलटा टांगतात, कारण जमिनीवर टेकवला तर बर्च झाडाच्या काड्या वाकतात. हे इथे लहान पोरींनाही ठाऊक असते. तो खिळा माझे पती कै. गॉटहिल्फ हेबर्ले यांनी आमच्या लग्नाच्या वर्षी ठोकला, आणि त्यावर ४८ वर्षे झाडूच टांगला आहे.

४. वाइनसाठी बोलवायचा झाडू वेगळा. तो फाटकावर, आडव्या काठीच्या टोकाला, लाल फीत बांधून लावतात. आपल्या नियमात मात्र "घराबाहेर लावलेला झाडू" एवढेच लिहिले आहे. हा नियम ज्याने लिहिला त्याने आयुष्यात कधी अंगण झाडले नसावे. गावात या दोहोंत गल्लत झाल्याचा प्रसंग माझ्या माहितीत एकच आहे. एप्रिल १९४५ मध्ये परके सैन्य नदी ओलांडून येत होते तेव्हा माझ्या सासूबाईंनी घरातली एकमेव पांढरी चादर बोलवायच्या झाडूला बांधून फाटकावर लावली, शरण आलो हे कळावे म्हणून. सैनिक यायच्या आत आळीतली चार म्हातारी माणसे पेले घेऊन हजर झाली. "लढाई राहू दे, आधी सांग, लाल आहे की पांढरी?" असे त्यांतला एक म्हणाला. सासूबाई त्या माणसांवर मरेपर्यंत चिडून होत्या. पण ती चूक गावाची होती, आणि निदान तिच्यात तहान तरी खरी होती.

५. आता आपल्या निरीक्षकांबद्दल. श्री. हारो येन्सेन शनिवार दि. २० जुलै रोजी दुपारी, डोक्यावर गवती टोपी, सोबत पत्नी, असे फिरायला म्हणून आले. मी पायऱ्या झाडून नुकतीच आत आले होते आणि बटाटे सोलत होते. ते खिळ्यावरचा झाडू बघून थेट स्वयंपाकघरात आले आणि शेगडीजवळच्या खुर्चीवर बसले. ती गॉटहिल्फची खुर्ची आहे. ३ फेब्रुवारीपासून तिच्यावर कोणी बसलेले नव्हते. मी काय बोलणार होते ते मला आता आठवत नाही. या घरात बसलेल्या माणसापुढे पेला ठेवायची इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. त्यांनी पेला संपवला, "छान आहे हो बाई, अजून अर्धा चालेल," म्हणाले, माझी बटाट्याची कोशिंबीर खाल्ली, आणि उठताना खिशात हात घातला. मी म्हणाले, "राहू द्या. हा झाडायचा झाडू आहे, बोलवायचा नाही." ते हसले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "किती गोड बोलतात ही गावाकडची माणसं." मग जाता जाता त्यांनी विचारले, "झाडू कधीपासून आहे?" मला वाटले, काड्या अजून चांगल्या आहेत म्हणून विचारतायत. मी सांगितले, "जुना मोडला, हा एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बाजारातून आणला."

आपल्या पत्रातील २७ एप्रिल ही तारीख येथून आली आहे.

६. पाहुणा म्हणून खाऊनपिऊन गेलेल्या माणसाने त्याच जेवणाचा अहवाल लिहावा, याचा मला संताप आला आहे आणि तो मी लपवत नाही. आपल्या पत्राला जोडलेल्या त्या अहवालात "आसनव्यवस्था: बाहेर बाक एक" अशी नोंद आहे. त्या बाकावर बसून गॉटहिल्फ चिखलाचे बूट काढत असे. "ग्राहकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही" असेही लिहिले आहे. बरोबर आहे, कारण ग्राहक नाहीत. "स्वयंपाकघरात मांजर" हाही एक मुद्दा आहे. मांजर तिथेच राहते. श्री. येन्सेन तिथे राहत नाहीत.

७. मी पत्र घेऊन आपल्या कार्यालयात दि. ४ रोजी आले होते. खिडकीवरच्या तरुण बाईंनी मला सांगितले, "आजी, तुम्ही झाडू उतरवला त्याचा पुरावा आणा, मग दिवस मोजणं थांबेल." मी विचारले, "मग पायऱ्या कशाने झाडू?" त्या म्हणाल्या, "तो दुसऱ्या विभागाचा विषय आहे." दुसऱ्या विभागाने, म्हणजे स्वच्छता विभागाने, मला छापील कागद दिला. त्यात लिहिले आहे की झाडण्याचे साहित्य घरमालकाने सहज हाताशी ठेवावे. तेव्हा झाडू बाहेर दिसला तर मी एका विभागाची गुन्हेगार, आणि आत ठेवला तर दुसऱ्याची.

८. हे सगळे मी गिळले असते. माझी खरी तक्रार पुढे आहे आणि ती आपण शांतपणे वाचावी.

आमची बाग गावच्या उभ्या उतारावर आहे. वर जायला ३१२ दगडी पायऱ्या आहेत. सत्तरच्या दशकात सरकारने बाकीचे उतार यंत्राने सपाट केले, बांध पाडले. आमचा तेवढा राहिला, कारण यंत्र वर चढेना. एके काळी स्टाइगबाखमध्ये अकरा घरांवर झाडू लागत असे. आता एकट्या आमच्या. माझे गुडघे संपले आहेत, मूलबाळ नाही, आणि यंदा त्या पायऱ्या कोणी चढलेले नाही. गेल्या ऑक्टोबरात गॉटहिल्फने तोडलेली काळी द्राक्षे ही त्या उताराची शेवटची. त्यांची वाइन तळघरात तयार आहे.

इस्पितळात तो मला म्हणाला होता, "इर्मे, बाटल्या भरून कुणा दुकानदाराला देऊ नकोस. ऑक्टोबरात दार उघड. आपल्याच टेबलावर पिऊ दे लोकांना. आंबट झाली, पातळ झाली, काय ते भांडू दे." आमच्याकडे कोणी तोंडावर स्तुती करत नाही. पेला मुकाट्याने पुन्हा पुढे सरकवला की समजायचे. गॉटहिल्फ जन्मभर तेवढ्यासाठी त्या पायऱ्या चढला. त्याची शेवटची वाइन प्यायला गाव येणार आहे आणि आपले कार्यालय म्हणते, दिवस संपले.

९. सबब विनंती अशी: ते १२७ दिवस झाडण्याच्या खाती टाकावेत, १२ ऑक्टोबरपासून दार उघडण्यास हरकत घेऊ नये, आणि नियमात झाडू कोणता ते एकदाचे लिहावे. मजकूर मी देईन. उत्तर न आल्यासही मी दार उघडणार आहे, हे आपल्याला अंधारात ठेवून करायचे नाही म्हणून आत्ताच कळवते.

१०. पत्राच्या शेवटी आपण "सदर झाडू पुरावा म्हणून जमा करावा" असे लिहिले आहे. सदर झाडू बाजारचा आहे. बोलवायचा झाडू गॉटहिल्फ दर वर्षी स्वतः बांधत असे. यंदाचा त्याने जानेवारीत, पलंगावर बसून, दोन दिवस दम खात बांधला आणि फीत मला बांधायला लावली. तो माळ्यावर आहे. आपल्या दप्तरात मोजलेल्या १२७ दिवसांपैकी एकही दिवस त्याने फाटक पाहिलेले नाही. १२ तारखेला तो लागेल. त्या दिवशी श्री. येन्सेन यांना पाठवावे, म्हणजे फरक त्यांना दुरूनच दिसेल. फक्त शेगडीजवळच्या खुर्चीवर बसू नये.

नम्र राहायचा प्रयत्न केलेली,
(सही)
इर्मट्राउड हेबर्ले
स्टाइगबाख, दि. ९ सप्टेंबर २०१९

सोबत:
१. स्वच्छता विभागाचा छापील कागद.
२. गवती टोपी एक, श्री. येन्सेन यांची, २० जुलैला विसरलेली. आतला रुमाल धुऊन दिला आहे. टोपी मध्यंतरी त्याच खिळ्यावर होती, तरी टोप्यांचे दुकान अशी नोंद करू नये.
३. झाडू: जोडलेला नाही. या शनिवारी पाटी माझ्या दारावर आहे.