खूण नसलेली भांडी

२ सप्टेंबर, मंगळवार

इल्यानाच्या रक्तात शिसं अडतीस. पाचच्या खाली हवं. कागद तीनदा वाचला. नाव तेच, गल्ली तीच, वय पाच.

वस्तीतल्या एकेचाळीस मुलांचं रक्त गेल्या महिन्यात मीच घेतलं होतं. बऱ्याच जणांचं जास्त निघालं, पण अडतीस फक्त तिचं. सुई टोचली तेव्हा ती रडली नव्हती, नुसती बघत राहिली. शहाणी पोर, असं मला वाटलं होतं.

डॉक्टर एस्तिनवाल म्हणाले, "घरांना रंग नाही, पेट्रोलमध्ये शिसं आता नाही. म्हणजे पोटातूनच जातंय. गेर्लांद, बाजारातून ॲल्युमिनियमची भांडी आण. चोवीस. ओताऱ्याची मुलगी तू, तुला काय सांगायचं!"

हसले ते. मीही हसले.

३ सप्टेंबर, बुधवार

तांत क्लेसियाला सांगून आले. तांत म्हणजे नात्याने मावशी नाही, शेजारीण. पण चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनला, पहिल्या पदवीला, सगळ्याला तीच आधी नाचली होती. नवरा गेल्यापासून त्याची भट्टी तीच चालवते, पापांच्या भट्टीला लागूनच. दुपारी तिचं ओतकाम असतं म्हणून तिची पोर इल्याना रोज आमच्याकडे जेवते.

भट्टीवर बायका होत्याच. मला पाहिलं की सुरू होतात — "आली पदवीबाई! आज काय निषिद्ध?"

तांतला बाजूला नेलं. तिला वाटलं जंत असतील. मी म्हटलं शिसं. ती म्हणाली, "तिने कुठे खाल्लं शिसं? मी काय खायला घालते का तिला?" मग एकदम, "माझ्या घरातली भांडी बघ जा. संत्रं आणि राख लावून अशी घासते की त्यात तोंड बघून केस विंचरावेत!"

खरं आहे. आमच्या गल्लीत काळं भांडं म्हणजे आळशी बाई.

तिने विचारलं, "बरं होतं ना हे?" मी म्हटलं, शिसं पोटात जाणं थांबलं की रक्तातलं हळूहळू उतरतं. ती म्हणाली, "आणि डोक्यातलं?"

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चोवीस भांडी आणली. बुडाखाली खुणा बघून वहीत लिहिल्या. कोंबड्याची सहा, ताऱ्याची सहा, होडीची पाच, मासा तीन. चार बिनखुणेची.

मासा म्हणजे पापा. साचा दाबला की वाळूत लाकडी ठसा उमटवतात, मग भांडं ओततात. बिनखुणेची चार तांत क्लेसियाची. तिच्या नवऱ्याची खूण किल्ली होती. ओतारी मेला की त्याचा ठसा त्याच्याबरोबर शवपेटीत जातो, आणि बाईला आपली खूण नसते. अख्ख्या वस्तीत ती एकटीच बिनखुणेची.

८ सप्टेंबर, सोमवार

भांडी उकळली. व्हिनेगर आणि पाणी, दोन तास. खिडक्या उघड्या ठेवूनही डोळे चुरचुरत होते.

पाणी आत स्वच्छ दिसतं. तेच विचित्र. विद्यापीठात शिकले तेव्हा फळ्यावर नुसती सूत्रं होती — आम्लाने धातू झिजतो, कण पाण्यात उतरतात. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते. इथे मात्र मांस संत्र्याच्या रसात चोळून रात्रभर भांड्यातच ठेवतात. वर मीठ. सकाळी तेच चुलीवर. आणि ॲल्युमिनियमवर आपोआप धरणारा जो मंद करडा थर धातूला सांभाळतो, तो आम्ही रोज राखेने खरवडून काढतो. लख्ख!

दोन भांडी मी मुद्दाम तशी घासून उकळली. बघू.

१० सप्टेंबर, बुधवार

आकडे आले.

मासा — पहिला, दुसरा, तिसरा. चोवीसांत सगळ्यात वाईट तीन, तीनही मासा. घासून उकळलं ते तर चौपट.

तांत क्लेसियाच्या चारांत जवळजवळ काही नाही. ती डबे आणि खिडक्यांच्या जुन्या चौकटी वितळवते, बाकीचं भंगार तिला मिळतच नाही.

इल्याना वर्षभर दुपारी आमच्याकडे जेवली. मांमांच्या, म्हणजे आईच्या, पातेल्यात. मासा.

यंत्र बंद केलं. हात धुतले. घरी येताना भाजलेलं कणीस घेतलं आणि पूर्ण खाल्लं.

११ सप्टेंबर, गुरुवार

पापांना विचारलं, कशातून ओतता? अगदी सहज, भाता ओढता ओढता.

"मिळेल त्यातून. इंजिनाचे तुकडे, गाड्यांची रेडिएटरं." मुशीकडे बोट दाखवलं. "रेडिएटर टाकलं की बघ, पाण्यासारखं वाहतं. कडेपर्यंत जातं, भोक राहत नाही. बाकीच्यांची गळतात. माझं गळलेलं भांडं दाखव एक!"

त्याच रेडिएटरांचे सांधे शिशाने जोडलेले असतात.

मी म्हटलं, पापा, रेडिएटर नका टाकू.

"का?"

तेव्हाच सांगायचं होतं. भट्टीवर सगळे होते. होडीच्या खुणेवाला ओतारी पापांना ओरडून म्हणाला, "उस्ताद मेरिलूस, तुमची पदवीबाई आता आपल्याला ओतकाम शिकवणार!" पापा एवढे हसले! मला जवळ ओढून त्याला म्हणाले, "शिकवेल. माझ्या माशाने पोहत पोहत विद्यापीठात नेलंय तिला."

मी सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पांढऱ्या मुलाम्याचं लोखंडी पातेलं आणलं. मांमांला म्हटलं, ऑफिसात बक्षीस मिळालं.

मांमां म्हणाली, "ओताऱ्याच्या घरात बाजारचं पातेलं! लोक काय म्हणतील?" पण तिला आवडलं. काठाला निळी फुलं आहेत.

म्हणजे इल्यानाच्या पोटात शिसं जाणं थांबलं. दुपारचं तरी नक्कीच. घरी तांत स्वतःच्याच भांड्यात शिजवते, तिच्यात काही नाही. आता उतरेल. हे मी दोनदा लिहून बघितलं, दोन्ही वेळा बरोबर आलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. कानस घेऊन आले होते, पापांचीच.

तीन भांडी. एकेकाला दहा मिनिटंही लागली नाहीत. मासा फार खोल नसतो. वहीतला तो कागद नव्याने लिहिला. खूण — नाही, नाही, नाही. भुकटी फडक्याने पुसली आणि फडकं धुतलं.

मला वाटलं, खूण नाही म्हणजे कोणाचंच नाही. आकडे तर खरेच राहतात. लोकांना सांगितलं जाईल की अशी भांडी वाईट, आंबट शिजवू नका, घासू नका. एवढंच तर हवंय. पापांचं नाव कशाला.

एक भांडं परत उलटं करून पाहिलं. चमकत होतं तेवढ्या जागेवर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांचा अहवाल तयार. मला वाचायला दिला — "भाषा बघ, सोपी आहे ना?"

फार सोपी आहे. "सर्वाधिक शिसं सोडणारी तिन्ही भांडी बिनखुणेची आढळली."

मी म्हटलं, डॉक्टर, बिनखुणेची एकूण सात आहेत, चार चांगली आहेत. ते म्हणाले, "बरोबर. म्हणूनच धोका. जो नाव लावत नाही तो मुशीत काय टाकेल त्याचा नेम नाही. लोकांना एकच गोष्ट सांगायची, गेर्लांद, दहा सांगितल्या की एकही ऐकत नाहीत."

तेव्हा बोलता आलं असतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच. ते चष्मा पुसत होते, मला वाटतं मिनिटभर तरी पुसत होते.

मी म्हटलं, भाषा सोपी आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून येताना रेडिओवर लागलं होतं. गल्लीत प्रत्येक दारात तेच. "भांडं घेताना उलटं करा! खूण बघा! खूण नसेल तर घेऊ नका!"

मांमां माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुमच्या ऑफिसचं?" अभिमानाने.

२२ सप्टेंबर, सोमवार

लोक तांत क्लेसियाच्या दारात भांडी आणून टाकतायत. फेकत नाहीत, नीट ठेवतात. तेच वाईट. एक बाई म्हणाली, "तुझी पोरगी बघ आधी! तिलाच घातलंस, आम्हाला सोडशील होय?"

तांत एकेक भांडं उचलून आत नेत राहिली. एरवी बोलण्यात तिला कोणी हरवत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

तिने भट्टी फोडली. स्वतःच, कुदळीने. घरातलीही सगळी भांडी चेचली, लख्ख घासलेली.

मी गेले. म्हटलं, तांत, तुझी भांडी चांगली आहेत. मी स्वतः तपासली आहेत.

ती म्हणाली, "तू चांगली आहेस पोरी. लहानपणापासून. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात राखेचा होता. "रेडिओवर सांगितलं ना. एवढे शिकलेले लोक खोटं कशाला बोलतील?"

मी म्हटलं, मी खरं सांगतेय. तेवढंच म्हटलं. पुढचं वाक्य होतं माझ्याकडे. एकच होतं.

इल्याना पायरीवर बसून भांड्याच्या तुकड्यांची चळत लावत होती. चळत पडली की पहिल्यापासून. तिला वर्गात बाईंनी मागच्या बाकावर बसवलंय, अक्षरं लक्षात राहत नाहीत म्हणून.

२७ सप्टेंबर, शनिवार

पापांकडे रांग. लोक भांडं उलटं करतात, मासा बघतात, बोटाने चाचपतात आणि घेऊन जातात. कोंबडा आणि ताऱ्यालाही गिऱ्हाईक आहे, पण मासा सगळ्यांना ओळखीचा.

पापा संध्याकाळी मूस साफ करत होते. म्हणाले, "वाईट झालं क्लेसियाचं. चांगला हात होता तिचा. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं होतं, मरण्याआधी ठसा बायकोला दे. दिला नाही. रिवाज." मग माझ्याकडे वळून, "तू म्हणत होतीस ना, रेडिएटर नका टाकू. का गं?"

दुसऱ्यांदा विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, धूर लागतो तुम्हाला. खोकता.

"एवढंच होय!" म्हणाले. "बरं, हा ढीग संपला की नाही आणत. तू म्हणतेस म्हणून."

ढीग माझ्या डोक्याहून उंच आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

काही नाही. ऑफिस, घर.

१ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात मुलांचं रक्त पुन्हा घेऊ. अडतीसवालीचं आधी.

हिशेब बरोबर आहे. आमच्याकडे पांढरं पातेलं, तिच्याकडे आता भांडंच नाही. दोन्ही वेळा इल्याना इथेच जेवते. वीसवर यायला हरकत नाही. आकडा खाली आला की सांगेन. पापांना आधी, मग डॉक्टरांना, मग तांतला. त्या क्रमाने. आकडा हातात असला की बोलणं सोपं जाईल.

हे वाचून पाहिलं. माझंच अक्षर आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

इल्याना तीन दिवस जेवायला आली नाही. मांमांला विचारलं.

पापांनी गुरुवारी तांत क्लेसियाला भांडं दिलं. नवीन, मोठं, पैसे न घेता. तिच्यापुढे उलटं धरून मासा दाखवला आणि म्हणाले, "आता पोरीला निर्धास्त शिजवून घाल."

मांमां म्हणते, तांत फार रडली. म्हणाली, आता पोरीला तिन्ही त्रिकाळ माझ्याच हातचं घालणार.

आत्ता कुंपणापलीकडे चूल पेटली आहे. संत्र्याच्या रसाचा वास येतोय. आणि राखेने घासल्याचा आवाज — ती दुसऱ्यांदा घासतेय, आणखी लख्ख व्हावं म्हणून.

कुंपण दहा पावलांवर आहे. मी लिहितेय.