राजीवरावांच्या खालचे नाव

मयूर विहार, दिल्ली
मार्च १९९६

प्रिय हरी,

आशीर्वाद नंतर, आधी तक्रार. तुझ्या नोएडाच्या कारखान्याची निमंत्रणपत्रिका पोहोचली. कागद गुळगुळीत, गणपती सोनेरी, मुहूर्त पाडव्याचा, सगळे यथासांग. परंतु 'स्वागतोत्सुक' या मथळ्याखाली प्रथम तू, मग तुझे मेहुणे राजीवराव आणि त्यांच्या खाली मी, तुझा सख्खा थोरला भाऊ! ज्येष्ठाचे नाव आधी घालावे, एवढे तरी नाशिकच्या पाठशाळेत तुझ्या कानावर पडले असेल असा माझा समज होता. पण तू तिथून मधल्या सुट्टीतच पळायचास, हे विसरलो. अलकनंदा म्हणते, "अहो, पत्रिका आहे, सातबारा नव्हे!" आणि अनुरागचे दिल्लीत वाढलेले मराठी तुला ठाऊकच आहे. त्याने विचारले, "बाबा, स्वागतोत्सुक म्हणजे गेटवर उभे राहतात ते का?" मी म्हटले, होय, बिल्कुल तेच. त्याला हसू आले. मला मात्र ते वाक्य दोन दिवस चावते आहे.

बाकी इकडचे वर्तमान असे की यमुनेपलीकडे जिकडे पाहावे तिकडे खणलेले आहे. काल मोहरी होती तिथे आज 'सेक्टर' असतो. दर आठवड्याला एखादी नवी कंपनी उघडते, तिच्या फाटकाला संगमरवर, आणि फाटकासमोर म्हैस, कारण ती जागा गेल्या वर्षीपर्यंत म्हशीचीच होती. आमच्या खात्याने त्या हिंडन नदीकाठच्या गावात प्रशिक्षण केंद्र काढले, हे मी तुला मागेच लिहिले होते. जमिनी गेल्या त्या घरांतल्या मुलामुलींना विजेच्या पॅनेलचे वायरिंग शिकवायचे आणि शेजारच्याच कारखान्यांत लावून द्यायचे. उद्योगाला माणूस मिळेल, माणसाला उद्योग. कागदावर ही योजना इतकी सुंदर दिसत होती की मी तिच्यासाठी मंगलाचरणाचा श्लोक रचला. उद्घाटनाला तो म्हटला, तेव्हापासून गावात माझे नाव पंडितजी.

त्या पहिल्या तुकडीत राधा नावाची मुलगी आहे. तिला केंद्रात घालण्याआधी तिचे ताऊ, म्हणजे थोरले काका, हुक्क्यासकट केंद्र तपासायला आले. खिडक्या पाहिल्या, पंखे पाहिले, शेवटी मला पाहिले आणि म्हणाले, "पंडितजी, हमारे यहाँ लड़की फ़ैक्टरी नहीं जाती। पर खेत तो अब रहा नहीं। आप ज़िम्मेदार।" मी मान डोलावली. सरकारी माणसाने मान डोलावणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. पण त्यांनी ते खरे मानले. राधा वर्षभरात इतकी तयार झाली की आता नव्या मुलांना तारांचे रंग तीच सांगते, आणि चुकले की "आँखें किराए पर दी हैं क्या?" असे विचारते. मलाही एकदा विचारले आहे.

माझी अक्कलहुशारी पुढे ऐक. योजना स्थानिकांसाठी, तेव्हा ते दिसले पाहिजे, असा मी आग्रह धरला. सगळ्यांच्या निळ्या सदऱ्याच्या खिशावर लाल दोऱ्याने गावाचे नाव आणि खाली 'स्थानीय प्रशिक्षित'. मला वाटले, कारखानदार बघताच म्हणतील, वा, घरचीच मुले! प्रत्यक्षात फाटकावरचा दरवान तो खिसा वाचतो आणि म्हणतो, "लोकल है? रहने दो।" आत साहेबापर्यंत माणूस जातच नाही. एका कारखानदाराने मला चहा पाजून खुलासा केला: "पंडितजी, लोकल लड़के का ताऊ होता है। आज डाँटो, कल ताऊ ट्रैक्टर लेकर गेट पर। बाहर वाले का भी ताऊ होगा, पर वो रेल से दो दिन दूर है।" जिथे धूर तिथे अग्नी हे आपण घोकले, इथला न्याय असा की जिथे लोकल तिथे ताऊ.

परवा केंद्रात गेलो तर राधा ब्लेडने खिशावरचा दोरा उसवत बसली होती. दोरा निघाला, पण वर्षभराच्या उन्हात सदरा विटलेला आणि दोऱ्याखालचे कापड तेवढे निळेभोर. नाव आता जास्तच वाचता येते. तिने सदरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "सरजी, ये तो और चमक गया।" हसत म्हणाली.

हरी, त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरत नाही. ऑफिसातून येतो, चपला काढतो, पुन्हा घालतो. अलकनंदा विचारते, कुठे? मी म्हणतो, दही आणतो. दही घरात असते. फिरताना सारखे आपले नाशिकजवळचे सातपूर डोळ्यांपुढे येते. तिथे पहिले कारखाने आले तेव्हा त्यातल्या एकाचे मालक अण्णासाहेब यांनी मुंबईची माणसे आणायचे ठरवले होते. तू सोळा वर्षांचा, नुकता पाठशाळेतून कायमचा पळालेला. आपले भाऊकाका गावातल्या चौघांना घेऊन फाटकावर जाऊन बसले. ओरडले नाहीत, की दगड उचलला नाही. नुसते पानाचा डबा उघडून बसले. दुपारी अण्णासाहेब बाहेर आले, पान खाल्ले, आणि तुझ्यासकट गावातली मुले आत घेतली. त्या फाटकातून आत गेलास म्हणून आज तुझे स्वतःचे फाटक आहे. आपल्यालाही ताऊ होता रे; आपण त्यांना भाऊकाका म्हणत होतो, एवढेच.

आता पत्रिकेबरोबरच्या तुझ्या चिठ्ठीकडे येतो, जिच्याबद्दल मी इतका वेळ बोललो नाही. तू लिहितोस, "दादा, वायरिंगची माणसे बघून ठेव. दिल्लीत मुनिरकात खोली घेऊन यूपीएससीच्या परीक्षा देऊन थकलेली आपली मराठी पोरे असतील तर उत्तम, नाहीतर पूर्वेकडची, बिहारची. स्थानिक मात्र नकोत. राजीवराव म्हणतात, कटकट होते." पत्रिकेत राजीवरावांचे नाव माझ्या वर छापलेस, त्याचे मला खरोखर काही नाही. पण या बाबतीत त्यांचा शब्द माझ्या वर ठेवलास की काय, हे विचारायला मी हे पत्र लिहायला बसलो. पाडव्याला मी येईन, मंत्रही मीच म्हणेन. त्याआधी एकदा केंद्रात ये, राधाची आणि बाकीच्यांची परीक्षा घे, काम येत नसेल तर खुशाल परत पाठव. पण खिसा वाचून पाठवू नकोस. तुझे नाव मी तिथे अजून कोणाला सांगितलेले नाही. मात्र तुझ्या फाटकावर पाटी लागेल, तिच्यावर आपले आडनाव असेल, आणि त्या मुलांना वाचता येते. इतर कारखानदारांनी नकार दिला, तो मी पचवला. मला भीती वाटते ती तू नाही म्हणशील याची, आणि पाटीवरचा माणूस तुमचा कोण, असे राधाने विचारले तर 'माझा भाऊ' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत याची.

तुझाच,
गुणवंतदादा