काळभैरवाच्या नावाची लॉरी

परंडा, २१ जाने. १९७३
पुन्हा नकार. दवाखान्यामागची खोली. मालकीण गोड बोलली, बसा म्हणाली, मग आडनाव विचारलं. लगेच आठवलं तिला, खोली भाच्याला दिलीय. तिचा नातू माझ्याच हातावर जन्मला. बाळंतपणाला नर्सबाई चालते, भाडेकरू म्हणून नाही. डोकं भणभणलंय. त्यात आता बदली. नव्या गावी पुन्हा हेच दार, हाच प्रश्न.

२८ जाने.
हे दुष्काळी कामावर ट्रक चालवतात, तिथं खबर लागली. तंबू टॉकीजवाले चाचा लॉरी विकतायत. सिनेमाचं मशीन आधीच विकलं. खायला नाही तिथं तिकीट कोण काढणार? चाची वारल्या, एकट्यानं फिरवत नाही म्हणाले.
बघून आलो. मिलिटरीतली जुनी लॉरी, मागं लाकडी घर. झोपायला दोन फळ्या, स्टोव्हला कोनाडा, जाळीची खिडकी. दाराला आतून कडी. लावून पाहिली. पुन्हा लावली. हे हसले, मला रडू आलं. इथून कोण उठा म्हणणार?

४ फेब्रु.
सौदा झाला. आकडा लिहीत नाही, सासूबाई आल्या की ही वही कुणाकडून तरी वाचून घेतात. बोरमाळ गेली, एवढंच. चाचांनी आडनाव विचारलं ते कागदावर लिहायला, लिहिलं आणि चहा मागवला.
लॉरीच्या कपाळावर लाल अक्षरं: ‘श्री काळभैरव प्रसन्न, सोनारी’. चाचा, तुम्ही मुसलमान, मग हे?
“बेटी, गावात तंबू ठोकायला जागा लागती, पाणी लागतं. माझं नाव ऐकून कोण देतंय? इंजिनानं लई बार दगा दिला, या नावानं न्हाय. पुसू नगा.”

५ फेब्रु.
भांडण. यांचं म्हणणं, “राहू दे की. लॉरीवर लिवलंय, काळजावर न्हाय.”
दीक्षा घेतल्यावर दादांनी घरातले देव नदीत सोडले. टोपली मी धरली होती, लहान होते. आता त्याच देवाच्या आडून पाणी मागू? हे म्हणाले, “तहान लागल्यावर बोल.”
अक्षरं तशीच राहिली. तेच सलतंय.

११ फेब्रु., नवं गाव
पोचलो. गावाबाहेर थांबलो तर एक म्हातारी आली. लॉरीवरची अक्षरं पाहून हात जोडले. “भैरोबाची गाडी व्हय? इथं उन्हात कशापायी? देवळाम्होरं लावा. आडाला पाणी हाय थोडं.” नाव विचारलं नाही. तिची सून पोटुशी, दिवस भरत आलेत. नर्सबाई आली म्हणून खूष. स्वतः घागर भरून आणली.
पाणी प्यायले. गोड होतं. लाजही वाटली.

१३ फेब्रु.
झोप लागेना. कडी लावली होती तरी.

१४ फेब्रु.
सकाळी रॉकेल, चिंधी आणि पत्र्याचा तुकडा घेऊन अक्षरं खरवडली. हे आधी नको म्हणाले, मग स्टूल धरून उभे राहिले.
तेवढ्यात म्हातारी पाणी घेऊन आली. घागर मी हातात घेतली, पायरीवर ठेवली. तिनं वर पाहिलं.
“नाव का पुसलं गं?”
“आमचं नव्हतं ते, आजी.”
“मग तुमी कोण?”
सांगितलं. आम्ही बौद्ध. आधी लोक आम्हाला काय म्हणायचे तेही सांगितलं, उगाच अर्धवट नको.
तिनं पदर सावरला आणि गेली. घागर तशीच पायरीवर. चांगली तांब्याची, काठोकाठ भरलेली, या असल्या दुष्काळात. पाणी आम्हाला ठेवून गेली, की माझा हात लागला म्हणून घागरच टाकून गेली?
हे म्हणतात, ओतून घेऊ, ऊन वाढतंय. मी म्हटलं, थांबा. घागर न्यायला येते का बघू.