उजव्या बुटाची टाच

प्रिय ठोंब्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी तिसरीत शाळा सोडली, तेव्हा अक्षर लावून घे. आमच्या रस्त्यावर गटारासाठी खणलंय. परवा खालून ट्रामचे रूळ निघाले. इथे ट्राम होती हे मुकादमाच्या गावीही नव्हतं. असणार कसं? उणीपुरी चार वर्षं चालली.

सुरू झाली तेव्हा बँड लावला होता. पहिली गाडी तुझ्या आजोबांनी हाकली. असे ताठ उभे, की बघणाऱ्याला वाटावं शहर ह्यांनीच बांधलंय. घंटा पायानं वाजवायची असे. सायकल, कुत्रं, म्हातारं, जे आडवं येईल त्याला उजव्या टाचेनं ठणाठणा. दर दोन महिन्यांनी उजव्या बुटाची टाच झिजायची आणि डावा नवाकोरा. तुमचा माणूस लंगडतो का, असं मोची विचारायचा.

नव्याचे नऊ दिवस सरले. रूळ बाजाराच्या मैलभर अलीकडेच संपले होते, पुढची जागा मिळाली नाही म्हणे. पिशव्या घेऊन मैलभर चालायचंच, तर ट्राम हवी कशाला? मग बस आली, ती थेट बाजारात सोडायची. एका सोमवारी ट्राम बंद.

मंगळवारी आजोबा नेहमीसारखे डबा घेऊन निघाले. म्हणाले, मला डेपोत देखभालीला ठेवलंय. मी मान डोलावली. तीन आठवड्यांनी बूट मोच्याकडे नेले, तर दोन्ही तळ सारखे झिजलेले. देखभाल कसली, दिवसभर गावभर पायपीट चालली होती. बस कंपनी ट्रामच्या ड्रायव्हरांना महिनाअखेरपर्यंत घेत होती, हे मला शेजारणीनं सांगितलेलं. जुन्या सोबत्यांपासून तोंड लपवत फिरणाऱ्याला ते कोण सांगणार? मी सांगायचं, तर त्यांचं खोटं पकडलं असं झालं असतं. त्यांचा मान राखायला म्हणून गप्प बसले. जागा भरल्या. पुढची अकरा वर्षं ते गोदामाच्या दारावर स्टुलावर बसून राहिले. माझ्या जिभेला अख्खी गल्ली टरकते, आणि नेमकी तेव्हाच मेली टाळ्याला चिकटली.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आठ दिवस राहिले. तू रोज डबा घेऊन छापखान्यात जात होतास. अरे, तुझ्या नखांतली शाई तुझ्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती. या खेपेला आठही दिवस नखं दुधासारखी. तिथेच बोलायला हवं होतं, पुन्हा गप्प बसले. आता ऐक. इथल्या शाळेमागच्या छापखान्याला मशीनवर माणूस हवाय. मालकाशी बोललेय, सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. बायकोला कसं सांगू म्हणून अडून राहू नकोस. हे पत्र तिच्या हातात दे. सांगायचं काम मी केलंय. तू फक्त ती वाचेपर्यंत समोर बसून राहा, डबा घेऊन उठू नकोस.

तुझीच,
तोंडाळ आजी