धुराची तपासणी

तळ, २ ऑगस्ट १९८८

ती. आजीस ग्लाशाचा नमस्कार.

पोचून दोन आठवडे झाले. इथे नजर जाईल तिथवर गवत, झाड एकही नाही. अमेरिकेशी करार झाल्यापासून आपली रॉकेटं इथे जाळतात, ते लोक मोजायला येतात आणि मी मधली दुभाषी. त्यांच्या अध्यक्षाने ‘विश्वास ठेव, पण पडताळून बघ’ ही आपली म्हण कुठूनशी उचलली आणि सभांतून म्हणतो, ते तू टीव्हीवर ऐकलंस ना? इथे त्यांचा प्रत्येक माणूस रोज सकाळी मोडक्या रशियनमध्ये मला तीच ऐकवतो. आमच्या तळाचे कर्नलसाहेब नुसते दात दाखवतात.

खोलीत झिनाइदा सोबतीला आहे, कचेरीत टाइप करते. जाळणं सुरू झालं की अमेरिकन वारा येतो त्या अंगाला सरकतात. मला राख मोजणाऱ्यांबरोबर जवळ जावं लागतं. धुराने काही होत नाही, असं कर्नलसाहेबांनी मला त्यांना सांगायला लावलं. नक्की का, असं एका अमेरिकनाने दोनदा विचारलं. हल्ली मला पाव कडू लागतो.

तुझ्या शिव्यांची भुकेली,
ग्लाशा

वेर्खनी लोग, १७ ऑगस्ट

चि. ग्लाशास आजीचे आशीर्वाद, आणि कानाखाली एक.

पाहिलं त्या बाबाला टीव्हीवर. माझी आई ती म्हण अळिंब्यांच्या टोपलीवर म्हणायची. शेजारीण कितीही गुणाची असो, तिने आणलेली एकेक अळिंबी उलटून बघायची. विष तिच्या मनात नसलं तरी देठात असतं. आता ती म्हण कोट घालून देशोदेशी हिंडते. हिंडेना का! पण दोन देश मिळून रॉकेटाचा खिळा न् खिळा मोजतात, तो धूर कुणी मोजला? कर्नल स्वतः तिथे किती वेळ उभा राहतो ते बघून कळव. जीभ डॉक्टराला दाखव. मी शाळेत धड तीन वर्षं गेले नाही, तरी वारा कुठून येतो ते मला कळतं. तुला तीन भाषा येतात आणि चार पावलं मागे सरकता येत नाही?

माया आहे म्हणून तोंड सुटतं.
आजी

तळ, ९ सप्टेंबर

आदरणीय आजी, सादर प्रणाम.

माझी प्रकृती उत्तम आहे. कामाच्या व्यापामुळे यापुढे पत्रे टाइप करून पाठवीन. डॉक्टरांनी तपासले, काळजीचे कारण नाही. कर्नलसाहेब सर्वांची आपुलकीने चौकशी करतात.

आपली नात,
ग्लाफिरा

वेर्खनी लोग, २३ सप्टेंबर

चि. ग्लाशास आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षरं भारी सुबक, चष्म्यावाचून वाचली. आदरणीय म्हणायला कधी शिकलीस गं? शेजारणीला दाखवलं तर ती मेली पोट धरून हसली. बटाटे काढून झाले, उंदरांनी आपला वाटा आधीच नेला. आपली तांबडी गाय तुझी वाट बघते. खूर चिघळला होता, आता उभी राहते. लहानपणी तू तिच्या पाठीवर बसायचीस, ते आठवतं का, तेवढं लिही.

आजी

तळ, ७ ऑक्टोबर

आदरणीय आजी, सादर प्रणाम.

तांबडी गाय उभी राहिली हे वाचून आनंद झाला. तिच्या पाठीवरचे ते दिवस मी कसे विसरेन! हिवाळ्यात रजा मिळणे कठीण दिसते. आपण प्रवासाचा त्रास घेऊ नये.

आपली नात,
ग्लाफिरा

वेर्खनी लोग, १९ ऑक्टोबर

झिनाइदा पोरी, तुला आशीर्वादच देते. बोटं तुझी असली तरी शब्द तुझे नसावेत.

आमच्या दारात गाय कधीच नव्हती. ग्लाशा तर कोंबडीलासुद्धा वळसा घालून जायची. तुला मशीनपुढे कुणी बसवलं ते विचारत नाही. तुलाही घरदार असेल. पण कागदावर माझा विश्वास आता उरला नाही. लोखंड मोजायला ती माणसं समुद्र ओलांडून आली आणि तुम्ही त्यांना फाटक उघडून आत घेतलंत. मी माझी पोर बघायला येते. आगगाडीने तीन दिवस लागतात. फाटकाशी बसून राहीन. म्हातारीला ढकलायचं असेल तर त्या अमेरिकनांदेखत ढकला, असं तुझ्या कर्नलला सांग.

तुझ्याविषयी लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवीन.

आठ नोव्हेंबरच्या मंगळवारी निघते. त्याआधी एक तार कर, एकाच शब्दाची: तिचे लोकरी मोजे आणू, की मयतासाठी लावतात त्या चर्चमधल्या मेणबत्त्या? तार आली नाही, तर दोन्ही बांधून घेते.

पेलागेया