दिलेली सही मागे घेण्याबाबत

मी, धर्माजी काळूराम घरत, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा होड्या बांधणे, राहणार मौजे कोळंबखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या शब्दाचे काय करावे ते आज लिहून ठेवत आहे. लाकडाच्या भुशाने माझी छाती गेली आहे, डाव्या डोळ्याला दिसत नाही, पण डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असते, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्या बाबतीत ते मुद्दाम वाचावे, कारण याआधी मी एका कागदावर सही केली त्यातही हेच वाक्य होते, आणि ते खोटे होते.

१. मी कोण. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "काका, हिंदू म्हणून करायचं की ख्रिस्ती म्हणून? कायदा वेगळा लागतो."

मी म्हटले, "कागदावर मी कोण हाय?"

"बाप्तिस्म्याचा दाखला एक सांगतो. गावच्या बैठकीतला कागद दुसरं सांगतो."

"ख्रिस्ती लिवा," मी म्हटले. तसे त्यांनी लिहिले आहे. ते कायम धरावे.

२. हे कसे झाले ते थोडक्यात, कारण माझ्यामागे लोक वेगळे सांगतील. आमची थोरली मुलगी साक्षी सन २००८ मध्ये भातलावणीच्या वेळी साप चावून वारली. एकोणीस वर्षांची होती. माझी पत्नी काशी त्यानंतर जवळजवळ वर्षभर कोणाशी बोलली नाही. नातेवाईक आले, देवऋषी झाला, अलिबागचे डॉक्टर झाले. डोंगराकडच्या वाडीवरची ठमी नावाची कातकरी बाई आमच्याकडे लाकडाची मोळी विकायला यायची. ती एक दिवस मोळी टाकून काशीजवळ बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. ती काही सांगत नसे, औषध देत नसे. तिचाही एक मुलगा गेलेला होता. पंधरा-वीस दिवसांनी काशी उठली, तिने चहा केला आणि घरातल्या कपात ठमीला दिला. शेजारणींनी ते पाहिले. गावाचा राग तेव्हापासूनचा आहे असे माझे मत आहे. देव नंतर आला, कप आधी.

ठमी वाडीवरच्या चिंचेखाली येशूच्या प्रार्थनेला जायची, काशी तिच्याबरोबर जाऊ लागली. मी दोन वर्षे गेलो नाही. पण काशी हसायला लागली होती आणि ते कोणी केले हे मला पाहायचे होते. सन २०११ मध्ये, ज्या खाडीत मी चाळीस वर्षे होड्या सोडल्या त्याच खाडीत बाप्तिस्मा घेतला. मला कोणी तांदूळ दिले नाहीत, पैसे दिले नाहीत. उलट पाण्यात माझी चप्पल वाहून गेली.

३. दहा-अकरा वर्षे कोणी काही बोलले नाही. मी गावासाठी होड्या बांधत होतो, मालक नारळ फोडत होते, मी टोपी काढून बाजूला उभा राहायचो. मग बाहेरची माणसे गावात बैठका घेऊ लागली आणि माझ्याकडे होडी सांगायला कोणी येईना.

दिनांक २६ फेब्रुवारी २०२३, रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या ओटीवर अकरा माणसे प्रार्थनेला बसली होती. अंगणात चाळीस-पन्नास लोक आले. निम्मे गावचे, निम्मे माझ्या ओळखीचे नव्हते. गावच्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. एकाने ठमीला विचारले, "मानसामागं किती मिलतं तुला?" ती म्हणाली, "मोळीचंच मिलतं." तिला केसाला धरून ओटीवरून खाली ओढले. काशीचे बायबल फाडून आमच्याच चुलीत घातले. पोलीस आले आणि जे प्रार्थनेला बसले होते त्यांना घेऊन गेले. जे अंगणात चालून आले होते ते घरी गेले. आम्हाला संध्याकाळी सोडले.

तीन दिवसांनी देवळापुढे बैठक झाली. एक टाइप केलेला कागद समोर ठेवला. त्यात लिहिले होते की, आम्ही घरत कुटुंब अज्ञानाने फसलो, ठमीने पैशाचे आमिष दाखवून आम्हाला धर्म बदलायला लावले, आता आम्ही स्वखुशीने परत आलो आहोत. माझा मुलगा निकेत माझ्या कानाशी म्हणाला, "बाबा, करा सही. माझी पोरं इथल्या शाळेत हायत. मला दुसरं गाव न्हाय." मी सही केली. माझा हात कापला नाही. हे मी लिहीत आहे कारण नंतर मी पूनमला, माझ्या मुलीला, सांगितले होते की हात कापत होता.

काशीने कागद हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला. मग म्हणाली, "ठमीनं मला पैसं न्हाय दिलं. तिनं आपनहून चहा पन कधी मागितला न्हाय. हे मी न्हाय लिवनार."

कोणी म्हणाले, "काशीबाय, नवऱ्यानं केली की."

"त्यांनी केली. मी वेगली हाय."

या कलमान्वये मी जाहीर करतो की, दिनांक १ मार्च २०२३ च्या त्या कागदावरील माझी सही भीतीपोटी केलेली आहे, त्यातील ठमीबद्दलचा मजकूर खोटा आहे, आणि ती सही मी मागे घेत आहे. त्याच कागदाच्या आधारावर ठमीवर लोकांच्या भावना दुखावल्याचा आणि आमिष दाखवल्याचा खटला चालू आहे. तिची झोपडी गेली, ती वीटभट्टीवर राहते आणि तारखेला येते. पुढची तारीख जानेवारीत आहे. मी जिवंत असलो तर पिंजऱ्यात उभा राहून हेच सांगेन. नसलो तर पूनमने हे पान कोर्टात द्यावे. बँकेत माझे जे काही असेल ते ठमीच्या वकिलासाठी वापरावे. तिला ते देताना दान म्हणू नये.

४. काशीचे पुढे काय झाले ते निकेतच्या मुलांनी एक दिवस वाचावे म्हणून लिहितो. ती अजून लहान आहेत आणि त्यांना आजी आजारी होती एवढेच सांगितले आहे.

सही केली म्हणून मला गावात नळ होता, दुकान होते. काशीला नव्हते. दुकानदार मला एका माणसाचे धान्य मोजून द्यायचा. जास्त मागितले तर म्हणायचा, "धर्माजीभाऊ, घरात खाणारे तुम्ही एकटे." मी ते घरी आणून दोघांत वाटायचो. निकेत वेगळी चूल करून त्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. सून अमिषा कधीकधी भांडे झाकून आमच्या चुलीजवळ ठेवून जायची आणि रिकामे भांडे घ्यायला दुसऱ्या दिवशी यायची. मी एकदा काशीला विचारले की, तुला माझा राग येत नाही का. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी सही केली म्हून मला भात मिलतो. तुमाला काय बोलू?"

असे सतरा महिने चालले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला ताप भरला आणि श्वास लागला. गावातल्या दोन रिक्षावाल्यांनी रिक्षा बिघडल्याचे सांगितले. रेवदंड्याचा साहिल, ज्याच्या होड्यांची डागडुजी मी करायचो, तो मासळीचा टेम्पो घेऊन आला. बर्फाच्या पेट्या काढून त्याने मागे गोधडी अंथरली. चौलच्या अलीकडे काशीने माझा हात सोडला. साहिलने टेम्पो बाजूला घेतला आणि इंजिन बंद केले.

गावाने निरोप पाठवला की, अग्नी देणार असाल तर चार माणसे येतील, पुरणार असाल तर गावच्या हद्दीत जागा नाही. निकेत म्हणाला, "अग्नी देऊ, बाबा. गेल्यावर काय फरक पडतो?" एकदा मी तिला एकटे सोडले होते. दुसऱ्यांदा सोडले नाही. शेवटच्या न झालेल्या होडीच्या सागाच्या फळ्या माझ्याकडे पडून होत्या. त्यांची पेटी केली. पूनम पनवेलहून आली, ती तिथे नर्स आहे. तिने, साहिलने आणि मी मिळून खाडीकाठच्या माझ्या होडीच्या जागेत खड्डा खणला. भरतीचे पाणी खालून झिरपत होते. आम्ही उपसत होतो आणि खणत होतो. ठमी कळल्यावर आली, पण गावातून येऊ दिले नाही म्हणून चिखलातून खाडीच्या बाजूने आली. निकेत घराच्या पायरीवर बसून होता.

५. होडीची जागा. सात-बाऱ्यावर माझ्या एकट्याच्या नावे असलेली खाडीकाठची ती जमीन मी पूनमला देतो. मुंबईच्या एका गृहस्थाला तिथे बंगला बांधायचा आहे. त्याच्या माणसाने मला विचारले, "ते एक हलवता येईल ना?" मी त्याला चहा पाजला आणि उत्तर दिले नाही. उत्तर येथे देतो. हलवता येणार नाही. पूनमने ती जमीन विकू नये. पुढे तिला विकावीच लागली तर काशीची जागा सोडून विकावी, आणि तिथे जायला वाट ठेवावी.

६. हत्यारे. लाकूड तासायचा वाकस, दोन्ही करवती, रंधे, भोके पाडायचे गिरमिट आणि फटीत कापूस ठोकायच्या छिन्न्या रेवदंड्याच्या साहिलला द्याव्यात. मला कोणी काम देत नव्हते तेव्हा त्याने त्याच्या दोन होड्यांची डागडुजी मला दिली. त्याच्या लोकांनी त्याला विचारले की याच्यात कशाला पडतोस. तो म्हणाला, "सुतार अच्छा है." बस एवढेच. वाकसाचा दांडा माझ्या हाताच्या मापाचा आहे, त्याने तो बदलावा.

ज्याने तो कागद टाइप करून आणला त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याची होडी मीच बांधलेली आहे. ती आजवर गळली नाही. त्याला माझे एवढेच सांगणे आहे.

७. काशीची वही. निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही पूनमला. पूनम मोबाईलवर वाचून आईला सांगायची की, जगात कुठे कुठे आपल्यासारख्या लोकांना त्रास आहे. काशी ती नावे वहीत लिहायची आणि सकाळी एकेक वाचून प्रार्थना करायची. नायजेरिया, सुदान, पाकिस्तान, इजिप्त, उत्तर कोरिया, मणिपूर. स्पेलिंग तिची तिची आहेत. ती पूनमला विचारायची, "ही सुदानची मानसं भात खातात का गं?" रविवारचा तो प्रकार होण्याआधी ती म्हणायची की त्यांच्यामानाने आपले बरे आहे. नंतरही तेच म्हणायची. मला ते तेव्हा वेडेपणा वाटायचा. तिच्या शेवटच्या पानावर देश नाही, आमच्या गावाचे नाव आहे. त्रास सोसणाऱ्यांत लिहिले की त्रास देणाऱ्यांत, ते मला कळलेले नाही.

८. माझे शरीर. काशीच्या शेजारी, तिच्या उजव्या हाताला. पेटीला चांगले लाकूड वापरू नये. निकेतने अग्नी द्यायचा हट्ट धरला तर पूनमने हे कलम दाखवावे. पाद्री आला नाही तरी चालेल. ठमीला बोलवावे आणि गावातून, रस्त्याने आणावे.

९. घर. कोळंबखारचे राहते घर मी माझा मुलगा निकेत यास देतो. वर न लिहिलेले जे काही निघेल ते सर्व पूनमला, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. निकेतबद्दल माझ्या मनात राग होता. पण त्याने मला सही करायला सांगितली, आणि केली मी.

आज साक्षीदारांवरून अडले. गावातल्या ज्या दोघा जुन्या मित्रांनी यायचे कबूल केले होते ते आले नाहीत. एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्याच्या मुलाने सांगितले की, बाबा इकडे यायचे नाहीत, पुन्हा फोन करू नका. वकीलबाईंचे कारकून प्रणय यांनी एक सही करायची तयारी दाखवली. दुसरे कोणी नव्हते. निकेत मला मोटारसायकलवर अलिबागला घेऊन आला होता. त्याला वाटले होते जमिनीच्या विक्रीचे काम आहे. वकीलबाईंनी हे सगळे मोठ्याने वाचले तेव्हा तो दाराजवळ बाकावर होता. कलम चार संपल्यावर उठून बाहेर गेला आणि परत आला.

तो म्हणाला, "मी करतो सही."

वकीलबाईंनी त्याला थांबवले. म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर ख्रिस्ती माणसाच्या कायद्यात त्याला ते मिळत नाही. "तुमचं घर जाईल, निकेतभाऊ. पूनमताईंकडे जाईल. नीट विचार करा. उद्या दुसरा साक्षीदार शोधू."

"उद्या कोन येणार हाय?"

"गावाला कळेल," मी म्हटले. "तुझी पोरं?"

"पोरांना मी सांगेन."

काय सांगणार ते मी विचारले नाही. तो हे आईसाठी करतो, की बहिणीच्या घरात राहून गावाला काही दाखवून देतो, की दमला आहे, ते मला ठाऊक नाही. वकीलबाईंनी घराचे कलम बदलायचे का विचारले. तो नको म्हणाला, आहे तसे राहू दे. हा मजकूर माझ्या सांगण्यावरून शेवटी घातला आहे. तो टाइप होईपर्यंत निकेत पेन उघडून हातात धरून बसला आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मला समजले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. ही सही मी माझ्या मर्जीने करत आहे.

धर्माजी काळूराम घरत

आमच्या डोळ्यांदेखत धर्माजी घरत यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. प्रणय रामचंद्र थळे, वकिलांचे कारकून, राहणार अलिबाग
२. निकेत धर्माजी घरत, मुलगा, राहणार कोळंबखार. घराच्या कलमाबाबत समज दिली, ती मिळाली.

ठिकाण : अलिबाग
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५